आरोपीचे आपण कोण?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "तुरुंगात टाकलेले लेखक-पत्रकार आणि त्यांच्यासाठी बाहेर चालणारी खटपट." पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "म्हणजे राजकारणावर नाही ना बोलणार?" मी म्हटलं, "जामिनावर बोलणार." त्यांना हायसं वाटलं असावं. जामीन हा शब्द ऐकला की सभागृहात झोप येते, निदान भांडण तरी होत नाही, असा त्यांचा हिशोब असणार. बघू या.

आपल्या शहरात सर्वोच्च न्यायालयाचा पत्ता काय आहे, माहीत आहे ना? टिळक मार्ग, नवी दिल्ली. ज्या संपादकाला न्यायालयानं राजद्रोहासाठी दोनदा शिक्षा ठोठावली, त्याच्या नावाच्या रस्त्यावर देशाचं सर्वोच्च न्यायालय उभं आहे. आपण दिल्लीतले मराठी लोक या गोष्टीचा अभिमान बाळगतो, पाहुण्यांना गाडीतून जाता जाता दाखवतो. पण टिळकांच्या तुरुंगवासाची गोष्ट सांगताना आपण आत गेलेल्या माणसाचीच सांगतो. त्यांचा बाणेदारपणा, त्यांचं मंडाले, त्यांचा ग्रंथ. बाहेर कोण होतं? पैसे कुणी भरले? कागदावर सही कुणी केली? ते आपल्या पाठ्यपुस्तकात नसतं. मला आज त्या बाहेरच्यांबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात १८८२ पासून करू. 'केसरी' सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे असं लिहून टिळक-आगरकरांनी तिथले दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती पत्रं बनावट निघाली. दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. आगरकरांचं त्यावरचं पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल.

आता प्रश्न असा, की या दोन तरुण ब्राह्मण संपादकांना जामीन कोण राहिलं? दहा हजार रुपयांचा जामीन, १८८२ साली! पुण्यातले रामशेठ बापूशेठ उरवणे. हे गृहस्थ सत्यशोधक समाजाचे. त्यांना पुढं केलं ते जोतीराव फुल्यांनी.

इथं जरा थांबा. फुले आणि 'केसरी'चं मंडळ यांचं नातं काय होतं? ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या छत्राखाली ही मंडळी जमली होती, त्यांनी निबंधमालेत फुल्यांच्या लेखनाची यथेच्छ टिंगल केलेली होती. जातीच्या प्रश्नावर, मुलींच्या शिक्षणावर टिळकांशी फुल्यांचं कधी जमणं शक्यच नव्हतं, पुढंही जमलं नाही. तरी जोतीरावांनी माणूस शोधला, तारण उभं केलं. आणि ध्यानात घ्या, लेख खरा होता म्हणून नव्हे. लेखाचा आधार खोटा निघाला होता, हे मी आत्ताच सांगितलं.

जामीनदार लेखाची हमी घेत नाही. विचारांची तर नाहीच नाही. बोलावलं त्या तारखेला हा माणूस कोर्टात उभा राहील, एवढ्याच गोष्टीची हमी तो घेतो. न राहिला तर माझ्या पदरचे पैसे जप्त करा, म्हणतो. हे इतकं साधं आहे, तरी आपल्याकडे तुरुंगातल्या कुणा लेखकाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "पण तुम्हाला त्याचं म्हणणं पटतं का?" अहो, पटण्याचा इथं संबंध काय? उरवण्यांना कुणी विचारलं होतं का?

पंधरा वर्षांनी, १८९७ साली, तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून झाला, 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली खटला भरला गेला. न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. तो मागायला उभे राहिले होते दिनशा दावर. तारण दिलं ते मुंबईच्या द्वारकादास धरमसींनी. बचावासाठी बंगालमधून पैसा जमला, ते जमवण्यात रवींद्रनाथ ठाकुरांचाही हात होता. कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी माणसांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

मग विलायतेत अर्ज फिरला. त्यावर दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्या सह्या असणं आपण समजू शकतो. पण विल्यम हंटर? हा तर साम्राज्याचा नोकर! आणि मॅक्स म्युलर? त्यांनी स्पष्ट केलं होतं, की आपल्याला आस्था आहे ती टिळक या संस्कृत पंडिताबद्दल. राजकारण त्यांनी चतुराईनं बाजूला ठेवलं. अर्जात दयेची भाषा होती. आजच्या एखाद्या कडक कार्यकर्त्याला तो अर्ज मिळमिळीत वाटेल. पण सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीच्या आधी, टिळक सुटले. तेही अटी मान्य करून. सत्कारसमारंभात भाग घ्यायचा नाही, पुन्हा राजद्रोहाची शिक्षा झाली तर माफ केलेली उरलेली मुदत भोगावी लागेल, अशा अटी. आजच्या जामिनाच्या आदेशांतली कलमं वाचताना मला त्या अटी आठवतात.

१९०८ चा राजद्रोहाचा दुसरा खटला सगळ्यांना पाठ आहे. एक तपशील तेवढा सांगतो. त्या वेळी जामीन मागायला बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि तो नाकारणारे न्यायाधीश होते तेच दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्यानं जामीन मागितला, त्यानंच नाकारला; मग सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. मोहिमेला सगळ्यात मोठा जनाधार याच खेपेला होता, आणि हाती काहीच लागलं नाही. विलायतेतला तो आधीचा अर्ज गुळमुळीत होता, तरी त्यानं काम केलं. यातून सिद्धांत काढायचा मोह मला होतो, पण दोनच उदाहरणांवर सिद्धांत काढू नये.

बरं, इतिहास पुष्कळ झाला. आता दिल्लीत येऊ.

जामीनदार म्हणून उभं राहणं म्हणजे नक्की काय, हे आपल्यापैकी ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी एका तरुण वार्ताहरासाठी केलं आहे. कोर्टाचं नाव सांगत नाही, माणसाचंही नाही. आधार कार्ड, पॅन, दोन फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि मालमत्तेचा कागद. कुणी बँकेतली मुदतठेव देतं, कुणी गाडीचं आरसी. मूळ कागद कोर्टात जमा होतो, निकाल लागेपर्यंत गाडी विकता येत नाही. सोबत प्रतिज्ञापत्र. त्यावर एक रकाना असतो, आरोपीशी नातं काय? मी तो कोरा सोडला होता. टेबलामागच्या कारकुनानं बोट ठेवलं. "आप इनके क्या लगते हैं?" मी म्हटलं, "कुछ नहीं." त्यानं चष्मा वर करून पाहिलं. "कुछ तो लगते होंगे. चाचा, मामा?" मी म्हटलं, "परिचित लिखिए." ते त्यालाही पुरेसं वाटलं नाही. माझ्या वकिलानं हळूच सुचवलं, "शुभचिंतक लिहा." मग तपासणीसाठी पोलीस घरी येऊन गेला, शेजाऱ्यांना वाटलं, माझ्याच घरी काहीतरी झालं. बायकोनं त्याला चहा दिला. एवढंच. यात शौर्य वगैरे काही नाही. कंटाळा मात्र भरपूर आहे.

पण या रकान्यातच सगळं सामावलं आहे, असं मला वाटतं. नातं नसलेला माणूस येऊन उभा राहतो, हे यंत्रणेला कळतच नाही.

सिद्दीक कप्पन यांचं उदाहरण घ्या. केरळचे पत्रकार, काम दिल्लीत, केरळ पत्रकार संघटनेच्या दिल्ली शाखेचे सचिव. ५ ऑक्टोबर २०२० ला हाथरसला जाताना मथुरेच्या टोलनाक्यावर त्यांना पकडलं. संघटना लगेच सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस घेऊन गेली. पुढं यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला. २०२१ च्या एप्रिलमध्ये तुरुंगात कोविड झाला. दवाखान्यात खाटेला साखळीनं बांधून ठेवलं आहे, असं त्यांच्या पत्नीनं सरन्यायाधीशांना पत्र लिहून कळवलं. तेव्हा कुठं त्यांना उपचारासाठी दिल्लीला हलवायचा आदेश निघाला. त्याआधी आईला भेटायला पाच दिवस सोडलं होतं. ती त्याच वर्षी जूनमध्ये गेली.

९ सप्टेंबर २०२२ ला सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठानं जामीन दिला. वर्तमानपत्रांत मथळे आले, प्रेस क्लबात मिठाई वाटली गेली असेल. पण कप्पन सुटले का? नाही! लखनौच्या कोर्टानं एकेक लाखाचे दोन जामीनदार मागितले, आणि ते उत्तर प्रदेशातले हवेत असं निघालं. मलप्पुरमच्या माणसाला लखनौत कोण ओळखतं? आणि ओळखत असला तरी, दहशतवादविरोधी कायद्यातल्या आरोपीसाठी स्वतःची सही कोण देतं? पुढं आल्या त्या रूपरेखा वर्मा. लखनौ विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलेल्या, तिथल्या माजी कुलगुरू, वय ७९. कप्पनना त्या कधी भेटल्याही नव्हत्या. त्यांनी आपल्या गाडीचे कागद दिले. जोतीरावांच्या पुण्यातला उरवण्यांचा दस्तऐवज आणि लखनौतलं हे आरसी, मध्ये एकशे चाळीस वर्षं गेली, कागद मात्र तोच.

तरीही सुटका झाली नाही, कारण मागून मनी लाँडरिंगचा दुसरा खटला होता. त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयानं २३ डिसेंबर २०२२ ला जामीन दिला. प्रत्यक्ष तुरुंगाचं दार उघडलं २ फेब्रुवारी २०२३ ला. मधले चाळीसेक दिवस कशात गेले? जामीनदारांची पडताळणी! मी कायद्याचा माणूस नाही, पण माझ्या मते लेखक-पत्रकारांच्या सुटकेसाठी काम करणाऱ्या प्रत्येक संघटनेनं या चाळीस दिवसांचा अभ्यास करायला हवा. निषेधाचा ठराव पंधरा मिनिटांत होतो. जामीनदाराची पडताळणी होत नाही.

गंमत म्हणजे, स्थानिक जामीनदाराचा प्रश्न सुटलेला आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सर्वोच्च न्यायालयात आली. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर दंडाधिकारी म्हणाले, याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली आणि विचारलं, की एका प्रांतातला माणूस दुसऱ्या प्रांतात पकडला गेला तर त्यानं तिथला जामीनदार कुठून आणायचा? भारत एक देश आहे की नाही? निकाल गवंड्याचा, पण तो वाचताना मला कप्पन दिसतात. निकाल आहे, पण खालच्या कोर्टातला कारकून तो वाचत नाही.

यूएपीएमध्ये जामीनच मिळू नये अशी तरतूद २००८ पासून आहे, हे खरं. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की संपलं. त्यामुळे जामीनदाराची गोष्ट करायची वेळ येण्याआधीच वर्षं निघून जातात. एल्गार परिषद खटल्यातले लेखक आनंद तेलतुंबडे एप्रिल २०२० मध्ये शरण गेले, सुटले नोव्हेंबर २०२२ ला. त्याच खटल्यातले पत्रकार गौतम नवलखा, हे आपले दिल्लीचे, नेहरू एन्क्लेव्हमध्ये राहणारे, त्यांना मे २०२४ पर्यंत थांबावं लागलं. त्या मधल्या काळात मोहिमेनं करायचं तरी काय?

छोटी कामं. नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा तुरुंगात नवलखांचा चष्मा चोरीला गेला. चष्म्याशिवाय त्यांना जवळजवळ दिसत नाही. घरच्यांनी टपालानं नवा पाठवला, तुरुंगानं पार्सल परत केलं. बातमी झाली, मुंबई उच्च न्यायालयानं माणुसकीची आठवण करून दिली, तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या म्हटलं. एका चष्म्यासाठी उच्च न्यायालय! त्याच तुरुंगात, त्याच खटल्यातले फादर स्टॅन स्वामी कंपवातानं पेला धरू शकत नव्हते. त्यांना स्ट्रॉ आणि सिपर हवा होता. लोकांनी ऑनलाइन सिपर मागवून तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवायला सुरुवात केली. कुणी म्हणेल, हा पोरखेळ. मला नाही वाटत. त्या मोहिमेनं यंत्रणेला एका पेल्यावर उत्तर द्यायला लावलं. फादर ५ जुलै २०२१ ला गेले, जामिनाची वाट पाहत. ते मी विसरलेलो नाही.

आणीबाणीत तर जामीन हा शब्दच नव्हता. २८ जून १९७५ ला इथल्या प्रेस क्लबमध्ये कुलदीप नय्यर यांच्या पुढाकारानं शंभरेक पत्रकारांनी सेन्सॉरशिपच्या निषेधावर सह्या केल्या. जुलैत नय्यर तिहारमध्ये. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली. पत्नी भारती नय्यर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सुनावणी झाली, निकाल विरोधात जातोय असं दिसताच सरकारनं नय्यरना सोडून दिलं, म्हणजे निकालाची गरजच उरू नये. न्यायमूर्ती रंगराजन आणि अगरवाल यांनी तरीही निकाल दिला. रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली, अगरवाल पुन्हा सत्र न्यायालयात गेले. त्या शंभर सह्या करणाऱ्यांचं काय झालं, हे मी विचारत नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढच्या महिन्यांत कशा बातम्या लिहिल्या ते जुन्या फायलींत आहे.

याच काळात आपला एक मराठी माणूस दिल्लीत उभा होता, सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, राजीनामा देऊन दिल्लीला वकिली करायला आलेले, मूळचे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. जयप्रकाश नारायणांशी त्यांचे मतभेद कमी नव्हते. नवनिर्माण, संपूर्ण क्रांती या शब्दांवर रॉयवादी माणूस नाक मुरडणारच. तरी ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, दिल्लीत जयप्रकाशांच्या प्रेरणेनं नागरी स्वातंत्र्याची संघटना उभी राहिली तेव्हा अध्यक्षपद तारकुंडे यांनी घेतलं. दिल्लीतल्या मराठी मंडळांनी त्यांच्यावर किती कार्यक्रम केले? मी गणपतीच्या मंडपातल्या पोवाड्यांविरुद्ध नाही. पण हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

आणीबाणीत मिसाखाली आत गेलेला एक जेएनयूचा विद्यार्थी होता, प्रबीर पुरकायस्थ. पोलिसांनी विद्यार्थी पुढारी देवीप्रसाद त्रिपाठी समजून भलत्यालाच उचललं होतं. तोच माणूस ३ ऑक्टोबर २०२३ ला, सत्तरी ओलांडल्यावर, 'न्यूजक्लिक' या वृत्तसंकेतस्थळाच्या संपादकाच्या नात्यानं पुन्हा आत गेला. या वेळी पत्रकार संघटनांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. १५ मे २०२४ ला न्यायमूर्ती भूषण गवई आणि संदीप मेहता यांनी ती अटकच बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणं लेखी दिली नव्हती आणि वकिलाला न कळवता पहाटे रिमांड घेतला होता. अटक बेकायदा! तरीही आरोपपत्र दाखल झालेलं असल्यामुळे जामीनपत्र आणि जामीनदार लागलेच. म्हणजे नियमाबाहेर आत टाकलेल्या माणसाला बाहेर येण्यासाठी नियमानं तारण द्यायचं.

आता एक नको असलेली गोष्ट. मी घेतलेली बहुतेक नावं दिल्ली-मुंबईची आहेत. या नावांना इंग्रजी बोलणारे मित्र होते, प्रेस क्लब हाकेच्या अंतरावर होता. बस्तरमधले संतोष यादव आणि सोमारू नाग २०१५ मध्ये पकडले गेले. हिंदी वर्तमानपत्रांना गावातून बातम्या पुरवणारे, बातमीमागे थोडके पैसे मिळवणारे. नाग वर्षभरानं निर्दोष सुटले, यादवना जामीन मिळायला सर्वोच्च न्यायालय आणि फेब्रुवारी २०१७ लागला. आमच्या दिल्लीतल्या स्वतंत्र पत्रकार मनदीप पुनिया यांना ३० जानेवारी २०२१ ला सिंघू सीमेवरच्या शेतकरी आंदोलनातून उचललं, तर दुसऱ्या दिवशी पत्रकार पोलीस मुख्यालयासमोर होते, आणि तीन-चार दिवसांत रोहिणी कोर्टातून जामीन झाला. पुनियांनी तिहारमध्ये कागद नव्हता म्हणून तिथल्या कैदी शेतकऱ्यांच्या नोंदी स्वतःच्या पायांवर लिहून आणल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण सुकमा-दंतेवाड्यातल्या वार्ताहरासाठी पोलीस ठाण्यासमोर कोण जमतं?

अशा लेखकांसाठी उभी राहणारी एक जुनी संस्था आहे, पेन; ती लंडनमध्ये १९२१ साली निघाली. तिची भारतीय शाखा मुंबईत सोफिया वाडियांनी १९३३ साली काढली. १९६० पासून या संस्थेची तुरुंगातल्या लेखकांसाठी स्वतंत्र समिती आहे. १५ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्यासाठी पाळला जातो, व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी ठेवतात. आमचे चिटणीसही मला विचारत होते, आपणही आज ठेवू या का? मी नको म्हटलं. खुर्ची ठेवायला माझी ना नाही, पण खुर्ची ठेवली की आपलं काम झालं असं वाटतं. त्यापेक्षा तुरुंगातल्या माणसाला एक पुस्तक पाठवा. अनेक तुरुंग थेट प्रकाशकाकडून किंवा दुकानातून आलेलंच पुस्तक घेतात, घरून आलेलं परत करतात. त्याची चौकशी आधी करावी लागते. मॅक्स म्युलरनं टिळकांना ऋग्वेद पाठवला होता. आपल्याला ऋग्वेद नको, एखादी कादंबरी चालेल.

आणि सुटका झाल्यावर मोहीम पांगते, हेही पाहून ठेवा. कप्पन यांच्या आदेशात अट होती की सहा आठवडे दिल्लीत जंगपुऱ्याच्या हद्दीत राहायचं, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, मग गावी जाऊन तिथं दर सोमवारी द्यायची. जंगपुऱ्यात सहा आठवडे भाड्यानं खोली कोण देणार, हा प्रश्न कुठल्याही निषेधपत्रकात नसतो. हजेरीची अट सैल करायला त्यांना पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि ती नोव्हेंबर २०२४ मध्ये सैल झाली. तेव्हा एकही वाहिनी दारात नव्हती. खटला उभाच होता, आणि खटला चालू असेपर्यंत जामीनदारांचा मूळ कागद कोर्टातच असतो.

प्रश्नोत्तरांना अध्यक्षांनी वीस मिनिटं दिली आहेत. जामीनपत्राच्या नमुन्याच्या काही प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी घ्याव्यात. विचारा.